उरवाईच्या चढावर सुधाताईंची सायकल

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खटारा म्हणा, मी रागावणार नाही. जुनी तर मी आहेच. पन्नाशीला आलेली, हिरव्या रंगाची, पुढे वेताची टोपली आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असलेली लेडीज सायकल आहे मी. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम कॉलनीत एका घराच्या पोर्चमध्ये राहते. तुमच्या गल्लीत गिअरवाल्या, चकचकीत सायकली असतील. असू देत बापड्या! पण त्यांतली एखादी उरवाई दरवाज्याचा चढ चढून किल्ल्यावर जाऊन आली आहे का, ते आधी विचारून या. मी आले आहे, आणि तेही या वयात. तेव्हा आता नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

माझे सुटे भाग लुधियान्याहून आले आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारातल्या एका दुकानात मला जोडलं गेलं. एक दिवस कृष्णराव नावाचे सडपातळ गृहस्थ दुकानात आले. पोस्टात नोकरी, नाकावर चष्मा, बोलणं मोजकं. त्यांच्या बायकोला, म्हणजे सुधाताईंना, शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि शाळा घरापासून लांब होती. दुकानदाराने विचारलं, "भाईसाब, भाभीजी चलाना जानती हैं?" कृष्णराव म्हणाले, "अभी नहीं जानतीं. सीख लेंगी." मला तो माणूस तिथेच आवडला.

ग्वाल्हेरची थंडीतली जत्रा, म्हणजे मेळा, उठला की मेळ्याचं मैदान ओसाड पडतं. तिथे कृष्णरावांनी सुधाताईंना माझ्यावर बसवलं आणि मागून कॅरिअर धरून ते पळू लागले. सुधाताई ओरडत होत्या, "सोडू नका हं! अहो, धरलंय ना?" आणि ते मागून म्हणत होते, "धरलंय, धरलंय." मित्रांनो, सायकल शिकवणारे सगळे असंच म्हणतात आणि हळूच हात काढून घेतात. या माणसाने हात काढलाच नाही. चष्मा घामाने खाली घसरला, धाप लागली, तरी पूर्ण मैदानाला वळसा घातला. थांबल्यावर सुधाताई म्हणाल्या, "अहो, मध्ये सोडायचं असतं, नाहीतर मी शिकणार कशी?" तेव्हा त्यांनी चष्मा पुसत उत्तर दिलं, "तुम्हीच तर म्हणालात, सोडू नका."

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. सुधाताई शिकल्या, आणि अशा शिकल्या की महाराज बाड्याच्या भर चौकातल्या टेंपोवाल्यांनी वाट द्यावी. टोपलीत मुलांच्या वह्या, कॅरिअरला डबा, आणि घंटी वाजली की शाळेच्या फाटकातली पोरं, "बाई आल्या, बाई आल्या," म्हणत पांगायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ आणि हळद-कुंकू मिळे. लोक म्हणत, "सायकल असावी तर बाईंच्यासारखी." मी हे स्तुतीसाठी सांगत नाही. बरं, थोडं स्तुतीसाठीच सांगते.

आता सुधाताईंची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढची सगळी गोष्ट त्या सवयीवर उभी आहे. घरावर संकट आलं की त्या देवीपुढे उभ्या राहत आणि आपल्या आवडीचं काहीतरी सोडत. मुलगा अंबरीश लहानपणी विषमज्वराने पडला, तेव्हा त्यांनी वांगं सोडलं. कृष्णरावांचं ऑपरेशन झालं, तेव्हा जलेबी सोडली, आणि ग्वाल्हेरात राहून सकाळी पोह्यांबरोबर जलेबी न खाणं म्हणजे काय तपश्चर्या आहे हे इथल्यांनाच कळेल. नात झाली तेव्हा प्रसूती अडली होती, म्हणून आंबा सुटला. अंबरीश चेष्टा करायचा, "आई, आता तुझ्या ताटात वरणभातच उरला." त्यावर त्या म्हणायच्या, "आणि चहा. चहाचं नाव काढू नकोस." आल्याचा, दाट, उकळून उकळून लाल झालेला चहा हा त्यांचा प्राण होता.

मग कृष्णराव गेले. त्या वर्षी सुधाताईंनी मलाच सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, पायही तेव्हा धड होते. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्याखाली उभं केलं, पदराने माझं हँडल पुसलं आणि त्या वर निघून गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत.

जिन्याखालचे दिवस मी फार वर्णन करणार नाही. टायरमधली हवा गेली. टोपलीत कांदे आले, कॅरिअरवर रद्दी, सीटवर जुनी चादर. रुचिका, म्हणजे ती नात, मोठी झाली आणि एकदा म्हणाली, "पप्पा, ये कबाड दे दो ना कबाडीवाल्याला." माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण आतून सुधाताईंचा आवाज आला, "तिला हात लावायचा नाही." एवढंच. मी त्या एका वाक्यावर कितीतरी वर्षं काढली.

आता मंजिरीची गोष्ट. अंबरीशची बायको, सुधाताईंची सून. लष्कर भागातच वाढलेली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी, आणि धावण्याचं वेड असलेली. कॉलेजात असल्यापासून तिचं एकच स्वप्न होतं. उरवाईचा चढ पळत चढायचा, एका दमात, कुठेही न थांबता. तुम्ही तो चढ पाहिला असेल तर तुम्हाला कळेल. दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच कडे, कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भल्यामोठ्या मूर्ती, आणि मधून अंगावर येणारा रस्ता. मुलगी असताना ती दर वेळी मूर्तींजवळच्या वळणावर थांबायची. पुढे लग्न झालं, मूल झालं, नोकरी आली, धावणं मागे पडलं. चाळिशी उलटल्यावर तिने पुन्हा बूट घातले आणि इतकी तयारी केली की गावातल्या मंडळाच्या किल्ला दौडीत नावसुद्धा दिलं. बाड्यापासून निघायचं आणि उरवाईच्या चढाने वर जायचं, अशी ती दौड.

दौड राहिली बाजूला. दौडीच्या आधीच, ऐन थंडीत, मंजिरीचं पोट बिघडलं, ताप आला. साधं दुखणं वाटलं. बरं वाटतंय म्हणेपर्यंत पायांत मुंग्या आल्या, मग पाय उचलेनात, मग हात, आणि मग श्वासही घेता येईना. अंबरीशने तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा तिचे पाय जिन्याच्या कठड्याला लागत होते आणि तिला ते कळतही नव्हतं. जीबीएस असं काहीसं नाव डॉक्टरांनी सांगितलं. शरीर आपल्याच नसांना शत्रू समजतं म्हणे. कितीतरी दिवस ती कृत्रिम श्वासावर होती. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. सुधाताई रोज कंपू भागात जाऊन मांढऱ्याच्या मातेच्या देवळाच्या टेकडीवर चढून येत, गुडघे दुखत असताना. तिथे त्या काय बोलल्या हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मंजिरी वाचली. चाकाच्या खुर्चीत बसून घरी आली. डॉक्टर म्हणाले, चालेल, वेळ लागेल. धावण्याचं तिने विचारलं तर म्हणाले, "ते पुढचं पुढे बघू."

उभं राहता येऊ लागल्यावर अंबरीशने ॲल्युमिनिअमचा वॉकर आणला. मंजिरीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "मी नाही हे धरणार. मी काय म्हातारी आहे?"

"म्हातारी मी आहे," सुधाताई म्हणाल्या, "आणि मीसुद्धा नाही धरत."

खरं सांगू का, तिला लाज वाटत होती. ज्या गल्लीतून ती हरणासारखी पळायची, तिथे तो खडखडणारा सापळा धरून लोकांसमोर जायचं तिच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस ती बाहेरच पडली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याजवळ खुर्चीत बसली असताना तिची नजर चादरीखालून डोकावणाऱ्या माझ्या हँडलवर पडली. "अहो," तिने अंबरीशला हाक मारली, "आईंची सायकल बाहेर काढा."

"चालवणार? आत्ता?"

"चालवणार नाही हो. धरून चालणार. लोकांना वाटेल, भाजीला निघाले."

रुचिका डोक्याला हात लावून म्हणाली, "मम्मी, तू ना, एकदम जिद्दी आहेस. सीरियसली!" पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी परवानगी दिली, बरोबर एक माणूस हवा एवढ्या अटीवर. मग काय! कांदे उतरले, रद्दी गेली. नवे टायर, नवी ट्यूब, चेनला तेल, ब्रेकला नवे रबर. कितीतरी वर्षांनी माझी घंटी वाजली आणि सुधाताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या. त्यांनी माझी सीट पुसली.

पहिल्या दिवशी मंजिरीने माझं हँडल असं आवळलं की मला वाटलं, आता ते मुडपतंय. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उषाताईंनी गच्चीवरून विचारलं, "काय मंजिरी, भाजीला?" मंजिरी म्हणाली, "हो." लगेच उषाताई, "मग माझ्यासाठी कोथिंबीर आण गं, आणि आलं." झाली का पंचाईत! कोथिंबिरीचं दुकान कोपऱ्यावर. थाप मारली होती, ती निभवायला हवी होती. अंबरीश एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, मध्ये मंजिरी, असे आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. परत येताना तिचे पाय लटपटत होते आणि ती हसत होती. त्यानंतर उषाताईंना रोज काही ना काही लागायचंच. एकदा तर म्हणाल्या, "हिरवी मिरची पुढच्या चौकातली चांगली असते." आता तुम्हीच सांगा, त्यांना सगळं कळलेलं होतं की नाही?

महिने गेले. हँडल आवळणारा हात सैल झाला. मग एक हात, मग नुसती दोन बोटं. मग ती शेजारून चालायची आणि मला अंबरीश ढकलायचा, लागलंच तर म्हणून. पुढचा उन्हाळा संपला तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता हळूहळू पळून बघायला हरकत नाही." त्या दिवशी ती घरात नाचायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून गल्लीत उभी राहिली. एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं ठरलं होतं. पळाली! पावलं बोजड पडली, पण पळाली. मी स्टँडवर उभी राहून बघत होते आणि माझ्या आऱ्याआऱ्यातून आनंद वाहत होता. तेवढ्यात पोर्चमधून आवाज आला.

"मंजिरी, थांब."

सुधाताई चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मंजिरीला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. तू नळ्यांमध्ये होतीस, डॉक्टर काही सांगत नव्हते, तेव्हा मी मातेला शब्द दिला. म्हटलं, हिला पायावर उभी कर, हिचं धावणं तुझ्या पायाशी ठेवते. ही पुन्हा धावणार नाही.

मग मंजिरी म्हणाली, "माझं धावणं? मला न विचारता?"

"तू बेशुद्ध होतीस गं. कुणाला विचारू?"

अंबरीश चिडला. "आई, असा कुठे नवस असतो का? दुसऱ्याच्या वस्तूचा?"

"देवीला दिलेला शब्द आहे, भाजीबाजारातली घासाघीस नाही," सुधाताई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "मोडला आणि हिला परत काही झालं तर? मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मला सुधाताईंचा राग आला होता. खूप आला होता. पण त्यांचं तोंड पाहिलं आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना. ती दुष्ट बाई नव्हती. घाबरलेली होती. आणि खरं म्हणजे मंजिरीही घाबरली. पायांत पुन्हा मुंग्या येतील ही भीती तिच्या मनात होतीच. तिने बूट काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. "राहू दे आई. चालते तर आहे," एवढंच म्हणाली.

आम्ही चालायला जात राहिलो. पण चालणाऱ्या मंजिरीत काही राम उरला नव्हता. घंटी वाजवायची नाही, उषाताईंशी गप्पा नाहीत. एखादं पोरगं पळत शेजारून गेलं की ती मान फिरवायची. जेवताना कुणी काही विचारलं तर हो-नाही. सुधाताई हे सगळं पाहत होत्या. चहा पिता पिता पाहत होत्या.

नवरात्राच्या आदल्या दिवशी मंजिरी पोर्चमध्ये मला पुसत होती आणि सुधाताई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. मंजिरीने सहज विचारलं, "आई, तुम्ही सायकल चालवणं का सोडलंत हो?"

सुधाताईंचा हात थांबला. "तुझे सासरे गेले ना, तेव्हा. वाटलं, काहीतरी सोडायला हवं."

"त्याने काय झालं?"

"काय व्हायचं? काही नाही. ते काही परत आले नाहीत, आणि सायकलही गेली." त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "मला ही फार आवडायची गं. वाऱ्यावर पदर उडायचा."

इतकी वर्षं जिन्याखाली उभी राहून मला एकच प्रश्न पडला होता, की माझं काय चुकलं? त्या दिवशी उत्तर मिळालं. माझं काही चुकलं नव्हतं. मी आवडती होते, म्हणूनच माझा नंबर लागला होता.

दुसऱ्या दिवशी सुधाताई देवीची ओटी भरायला गेल्या. रिक्षाने गेल्या, एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा उन्हं वर आली होती. मंजिरीने नेहमीप्रमाणे चहा आणून पुढे ठेवला. आल्याचा वास पोर्चभर पसरला. सुधाताईंनी कप उचलला, डोळे मिटून एकदा वास घेतला आणि कप मंजिरीच्या हातात परत दिला.

"आजपासून नको."

"बरं नाही का तुम्हाला?"

"चांगली ठणठणीत आहे. बस इथे." मंजिरी बसली. दारात रुचिका येऊन उभी राहिली. सुधाताई म्हणाल्या, "ओटी भरताना हातात खण होता, नारळ होता, तांदूळ होते. आणि मनात आलं, ओटीत आपण आपल्या घरातलं घालतो. शेजारणीच्या घरातला नारळ उचलून कुणी देवीची ओटी भरतं का? मी तेच केलं होतं. माझ्याकडचं सगळं देऊन झालं होतं, फक्त चहा उरला होता. तो मी मागे ठेवला आणि तुझं धावणं उचलून दिलं. आई होऊन घाबरले, पण हिशोब चोराचा केला."

"आई, असं नका हो बोलू."

"बोलू दे. मातेला म्हटलं, माझं होतं ते घे आणि हिचं होतं ते परत दे. चहा तिथे ठेवून आले. आता जा आणि माळ्यावरून बूट काढ. वर्तमानपत्रात वाळवी लागेल त्यांना."

मंजिरीने कप खाली ठेवला आणि सासूला मिठी मारली. दोघी रडल्या. रुचिका म्हणाली, "आजी, तू बिना चहाची? तू तो हम सबको काट खाएगी!" आणि रडता रडता सगळे हसले. तिचं म्हणणं मात्र खरं ठरलं. पुढचे आठ-दहा दिवस सुधाताई घरात कुणालाही धड बोलल्या नाहीत. डोकं धरून बसायच्या, भांडी आपटायच्या. पण चहाला शिवल्या नाहीत.

मग सुरू झाली खरी तयारी. ग्वाल्हेरची थंडी हळूहळू वाढली, सकाळी धुकं गल्लीत येऊन बसू लागलं. मंजिरी पुढे, अंबरीश माझ्यावर, मागे. खांबाचे दोन खांब झाले, मग गल्ली, मग कॉलनी. थकली तर चालायची, दुखलं तर थांबायची, डॉक्टरांना दाखवत राहायची. घाई नाही केली. आणि माझी घंटी पुन्हा वाजू लागली. जानेवारीत किल्ला दौडीत तिने नाव दिलं.

दौडीच्या रविवारी बाड्यावर काय गर्दी होती! तरणीताठी मुलं, पोलिसातले गडी, रंगीबेरंगी टोप्या. सुधाताई आणि रुचिका रस्ता बंद व्हायच्या आधीच शेजाऱ्यांच्या गाडीने किल्ल्यावर गेल्या होत्या, चहाचा मोठा थर्मास घेऊन. चहा करणं सुधाताईंनी सोडलं नव्हतं बरं का, पिणं सोडलं होतं. अंबरीश माझ्यावर बसला. त्याच्या गुडघ्यांना माझं हँडल लागत होतं आणि काही टवाळ पोरं हसत होती. हसा लेको, म्हटलं, चढावर भेटू.

दौड सुटली. मंजिरी सगळ्यांच्या मागे, आपल्या चालीने. बाजार मागे पडला, उरवाई दरवाजा आला, आणि रस्त्याने मान वर केली. अंबरीश खाली उतरला आणि मला ढकलत पळू लागला. मघाची ती टवाळ पोरं कंबरेवर हात ठेवून कडेला उभी होती. मी मुद्दाम खडखडत त्यांच्यासमोरून गेले.

आणि मग ते वळण आलं. वर कड्यात मूर्ती शांत उभ्या होत्या आणि खाली मंजिरीचा श्वास फाटत होता. जिथे ती मुलगी असताना थांबायची, नेमकं तिथेच तिचं पाऊल अडखळलं. उजवा पाय घसटत पडू लागला. मी घाबरले. खोटं कशाला बोलू? तिचा हात सवयीने बाजूला आला, माझ्या हँडलकडे. अंबरीशने मला तिच्याजवळ सरकवलं. "धर मंजिरी, धर, थोडा वेळ धर."

तिची बोटं हँडलला लागली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर रस्त्याकडे.

"नको," ती म्हणाली. "आज नको."

हात तिने काढून घेतला. पावलं लहान केली, इतकी लहान की चालणारा माणूसही पुढे जाईल, पण पळणं सोडलं नाही. एक पाऊल, अजून एक. मूर्ती मागे पडल्या. मित्रांनो, माझं हँडल तिने धरलं नाही याचं मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं असेल. छे! त्याच दिवसासाठी तर मी तिला इतके महिने धरू दिलं होतं.

चढ संपतो तिथे, किल्ल्यावरच्या गुरुद्वाऱ्याजवळ, लोक उभे होते. सुधाताई सगळ्यांच्या पुढे, शाल खांद्यावरून घसरलेली, दोन्ही मुठी आवळलेल्या. मंजिरी धुक्यातून वर आली तेव्हा त्या शाळेतल्या आवाजात ओरडल्या, "शाब्बास! थांबू नकोस! इथपर्यंत, इथपर्यंत!" आणि मंजिरी त्यांच्या अंगावरच येऊन आदळली. एका दमात. कुठेही न थांबता. कॉलेजातल्या मुलीने पाहिलेलं स्वप्न पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने पूर्ण केलं, आणि तेही मध्ये मरणाच्या दारात जाऊन येऊन. मंजिरी तोंड वर करून रडत होती आणि "झालं, आई, झालं," एवढंच म्हणत होती.

रुचिकाने थर्मास उघडला. आल्याचा वास सुटला. मंजिरीने पहिला कप सासूपुढे धरला. "आज तरी एक घोट, आई."

"नाही. दिलं ते दिलं." मग त्या जरा हसल्या. "पण वास घेते. वासाचं काही बोलणं झालं नव्हतं."

मंजिरीने चहा संपवला, तोंड पुसलं, आणि अंबरीशच्या हातातून मला काढून घेतलं. वरचा रस्ता सपाट आहे. तिने माझी सीट खाली केली, मला सुधाताईंसमोर आणून उभं केलं आणि म्हणाली, "चहा तुम्ही देवीला दिलात, तो तिचा. पण सायकल कधी कुणाला दिली नव्हती. नुसती जिन्याखाली ठेवली होती. बसा."

"वेडी झालीस? या वयात? आणि माझे गुडघे?"

"मी धरते ना मागून."

सुधाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, माझ्या हँडलवर हात ठेवले आणि बसल्या. किती हलक्या झाल्या होत्या! अंबरीश एका बाजूने, मंजिरी मागे कॅरिअर धरून. पेडल फिरलं. आधी डुगडुगलो, मग सावरलो. पुढे सासबहूचं, म्हणजे सासू-सुनेचं, देऊळ दिसत होतं. तो योगायोग, मी मुद्दाम मांडलेला नाही. वारा आला, खोचलेला पदर सुटला आणि उडाला.

"मंजिरी, धरलंयस ना गं?"

"धरलंय, आई."

तिने खरंच धरलं होतं. नुकताच आख्खा चढ पळून आलेली ती बाई, माझ्या मागून धापा टाकत, पुन्हा पळत होती.

तर मित्रांनो, आता माझं एक मागणं. आज घरी गेलात की जिन्याखाली, गच्चीवर, गॅलरीच्या कोपऱ्यात बघा. माझी एखादी बहीण कांदे आणि रद्दी डोक्यावर घेऊन उभी असेल. तिच्या चाकात हवा भरा, चेनला तेल घाला, घंटी वाजवून बघा. आणि घंटी ऐकून घरातलं जे माणूस स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईल, त्याला तिच्यावर बसवा. मागून कॅरिअर धरा, आणि त्याने सांगितल्याशिवाय सोडू नका.